प्रयोगशाळेत वाढवलेले पापलेट ताटात वाढायचे झाले, तर फळ्यावर काय लिहावे?

अन्नपूर्णा, होटगी रस्ता (मूळ प्रश्न)

नमस्कार. होटगी रस्त्यावर माझी लहानशी खाणावळ आहे आणि आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे मासे असतात. चिलापी आणि मरळ भिगवणच्या बाजारातून येतात, कटला आणि रोहू बहुतेक वेळा आंध्रातल्या तळ्यांमधले असतात. पापलेट किंवा सुरमई मात्र गिऱ्हाइकाने आधी सांगून ठेवली तरच मी मागवते. समुद्र सोलापुरापासून लांब आहे, जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, आणि बर्फात किती दिवस राहिला हे मला ठाऊक नाही असा मासा दुसऱ्याच्या ताटात वाढताना माझा हात अडखळतो.

माझी मुलगी जैवतंत्रज्ञान शिकते. गेल्या आठवड्यात जेवताना तिने सांगितले, की अमेरिकेतल्या वाइल्डटाइप नावाच्या कंपनीने माशाच्या पेशींपासून वाढवलेल्या साल्मनला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये हरकत नसल्याचे कळवले, आणि लगेच ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात एका उपाहारगृहात तो मासा लोकांना मिळू लागला. आपल्याकडेही कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जानेवारी 2024 मध्ये दिल्लीच्या नीट मीट बायोटेक या कंपनीबरोबर करार केला असून पापलेट आणि सुरमई यांच्यासारख्या महाग माशांचे मांस प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम हाती घेतले आहे.

माझ्या सासूबाई माळकरी आहेत. त्या शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "मासा मारलाच नाही, तर तो मासा म्हणायचा का? आणि मासा नसेल, तर मला चालेल का?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. मला दुसरीही एक चिंता आहे. उद्या असा मासा खरोखरच स्वस्त आणि ताजा मिळू लागला, तर मी तो घ्यावा का, आणि घेतला तर दारातल्या फळ्यावर त्याला काय नाव लिहावे? ज्यांना या विषयातले कळते त्यांनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन.

आसवनीतला, मोहोळ

ताई, मी एका साखर कारखान्याच्या आसवनी विभागात, म्हणजे मळीपासून मद्यार्क बनतो तिथे, सूक्ष्मजीवशास्त्राचे काम पाहतो. टाकीत पेशी वाढवणे हेच माझे रोजचे काम आहे, फक्त माझ्या पेशी यीस्टच्या असतात. त्यामुळे या विषयाची मला ओढ आहे आणि थोडी चिंताही आहे.

आपल्या जिल्ह्यात ही कल्पना समजावून सांगणे अवघड नाही. करमाळा तालुक्यात कंदरच्या बाजूला जी टिश्यूकल्चर केळी लावतात, तिथे निवडक झाडाचा एक कोंब घेऊन निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यांवर हजारो रोपे तयार करतात. माशाच्या बाबतीतही सुरुवात अशीच होते. जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाच्या शरीरातला लहानसा तुकडा घेतात, त्यातून वाढू शकणाऱ्या पेशी वेगळ्या करतात, आणि साखर, अमिनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे व वाढीला चालना देणारी प्रथिने असलेल्या द्रवात त्या सोडतात. पुढे मात्र केळीचे उदाहरण लागू पडत नाही. वनस्पतीच्या तुकड्यातून पुन्हा पूर्ण रोप उभे राहते; माशाच्या पेशींमधून पूर्ण मासा उभा राहत नाही. मिळतो तो स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींचा लगदा. त्याला वनस्पतिजन्य पदार्थांच्या आधारजाळीवर बसवून तुकड्याचा आकार द्यावा लागतो. डोके, कल्ले, आतडी, काटे आणि मज्जासंस्था यांतले काहीच त्यात नसते.

हे प्रयोग कालपरवाचे नाहीत. न्यूयॉर्कच्या टुरो महाविद्यालयातल्या मॉरिस बेंजामिनसन यांच्या गटाने अमेरिकी अंतराळ संस्थेच्या पैशातून गोल्डफिशच्या स्नायूंचे तुकडे शरीराबाहेर वाढवून दाखवले, ते 2002 मध्ये. लांबच्या अंतराळप्रवासात ताजे अन्न कसे मिळवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ते मांस लसूण घालून ऑलिव्हच्या तेलात तळलेही. पण परवानगी नसल्यामुळे परीक्षकांनी ते फक्त पाहिले आणि हुंगले, खाल्ले नाही. पुढे 2013 मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये गोमांसाची अशी टिक्की जाहीरपणे खाऊ घातली आणि त्या एका टिक्कीचा खर्च सुमारे 2,50,000 युरो होता. तेव्हापासून सगळ्यांचे लक्ष जनावरांच्या मांसाकडे गेले. माझ्या मते मासा हा त्याहून सोपा उमेदवार आहे.

मासा सोपा का, तर गाईच्या किंवा कोंबडीच्या पेशींना शरीरासारखे सुमारे 37 अंश किंवा त्याहून थोडे जास्त तापमान सतत लागते. माशाच्या पेशी त्याहून बऱ्याच थंड वातावरणात वाढतात, साल्मनसारख्या थंड पाण्यातल्या माशाच्या तर विशेष. (थंड प्रदेशात यामुळे विजेची बचत होते. सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो तेव्हा हीच टाकी गार ठेवण्याला वीज लागेल, हे आपल्याला वेगळे मोजावे लागेल.) माशाच्या पेशी कमी प्राणवायूतही तग धरतात, आणि अनेक जातींच्या पेशी जनुकांमध्ये काही बदल न करताही दीर्घकाळ विभागत राहतात. शिवाय माशाचे मांस पातळ थरांचे असते, त्यात बोकडाच्या मांडीसारखे जाड तंतू आणि स्नायुबंध नसतात. त्यामुळे त्याचा पोत जमवणे तुलनेने सोपे जाते.

आता महाग का, ते सांगतो, कारण वर्तमानपत्रांच्या बातम्यांमध्ये हेच राहून जाते. आमच्या टाकीतले यीस्ट अनुकूल परिस्थितीत दीड-दोन तासांत दुप्पट होते. प्राण्याच्या पेशीला दुप्पट होण्यासाठी साधारण एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. आम्ही मळीचा द्रव आम्लधर्मी ठेवतो, त्यामुळे बाहेरचे बरेच जंतू आपोआप मागे पडतात आणि थोडीफार अस्वच्छता निभावून जाते. प्राण्यांच्या पेशींचा द्रव मात्र उदासीन, कोमट आणि पोषणाने भरलेला असतो. त्यात चुकून काही जिवाणू शिरले तर पेशी एकदा दुप्पट होण्याच्या आत ते सगळी टाकी बळकावतात. यीस्टच्या पेशीभोवती टणक भित्तिका असते, ती जोरात घुसळली तरी फुटत नाही. प्राण्याच्या पेशीला फक्त नाजूक पटल असते, म्हणून टाकी मोठी करत गेलो की ढवळणे, हवा देणे आणि पेशी वाचवणे या तीन गोष्टींचा मेळ बसवणे कठीण होते. औषध कारखान्याची स्वच्छता पाळायची आणि माल मात्र मंडईच्या भावाने विकायचा, अशी ही ओढाताण आहे.

म्हणूनच या क्षेत्रात पडझडही झाली आहे. सिंगापुरात संध्या श्रीराम आणि का यी लिंग यांनी 2018 मध्ये सुरू केलेल्या शिऑक मीट्स या कंपनीने कोळंबीच्या पेशींचे मोदकासारखे डंपलिंग पुढच्याच वर्षी करून दाखवले होते, आणि मग शेवंड व खेकड्याचेही प्रयोग केले. पण माल बाजारात येण्याआधीच 2024 मध्ये ती उमामी बायोवर्क्स या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्यामुळे स्वस्त आणि ताजा मासा लवकरच मिळेल, असे गृहीत धरून आपण काही ठरवू नये, असे मी मनापासून सुचवतो.

फळ्यावरच्या नावाबद्दल मला आमच्याच व्यवसायाच्या जवळचे एक उदाहरण आठवते. वनस्पती तूप बाजारात आले तेव्हा ते साजूक तुपात मिसळून विकले जाईल ही भीती होती, आणि ती खरीही ठरली. मग वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले, कारण तिळाचे तेल एका साध्या रासायनिक चाचणीत गुलाबी-लाल रंग देते आणि भेसळ लगेच ओळखता येते. लोकांच्या मनातला संशय उपदेशाने जात नाही, तपासता येण्याने जातो. पेशींपासून वाढवलेल्या माशालाही अशी एखादी खूण पहिल्या दिवसापासून असावी, असे मला वाटते.

पेशीविद्यार्थिनी, अक्कलकोट (सध्या हैदराबाद)

मोहोळच्या दादांनी तंत्र उत्तम मांडले आहे. त्यांनी ज्याला वाढीला चालना देणारी प्रथिने म्हटले, त्याविषयी मात्र अधिक बोलायला हवे, कारण आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

प्रयोगशाळांमध्ये प्राण्यांच्या पेशी वाढवण्यासाठी अनेक दशके गर्भस्थ वासराच्या रक्ताचा द्रव, म्हणजे सीरम, वापरला गेला आहे. गाभण गाय कत्तलखान्यात आली की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून तो मिळवतात. मी स्वतः प्रयोगशाळेत ती बाटली हाताळली आहे आणि पहिल्यांदा तिचा उगम कळला त्या दिवशी मला जेवण गेले नव्हते. आता मांस आणि मासे विकू पाहणाऱ्या कंपन्या सीरमविरहित द्रवाकडे वळल्या आहेत. सिंगापूरने कोंबडीच्या अशा मांसाला डिसेंबर 2020 मध्ये जगात पहिली परवानगी दिली, तेव्हा त्या प्रक्रियेत हे सीरम होते. जानेवारी 2023 मध्ये ते मांस बनवणाऱ्या कंपनीलाच सीरमविरहित पद्धतीसाठी वेगळी परवानगी मिळाली. तेव्हा "कोणाला मारले नाही" हे वाक्य दरवेळी तपासून घ्यावे लागते. मासा मारला नसेल, पण तो ज्यावर वाढला ते कोठून आले, हे विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि महाराष्ट्रात तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे.

कायद्याचे सांगते. भारतात असा मासा किंवा असे मांस विकायला अजून परवानगी मिळालेली नाही. कोणी अर्ज केला तर तो भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार, ज्या अन्नाची मानके अजून ठरलेली नाहीत अशा अन्नाच्या गटात तपासला जाईल. संशोधन मात्र चालू आहे. आमच्या हैदराबादेतल्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राला आणि मांस संशोधन केंद्राला 2019 मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने या कामासाठी निधी दिला होता, आणि ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने संमत केलेल्या जैवतंत्रज्ञान धोरणात अशा प्रथिनांचा स्पष्ट उल्लेख आहे. हिरव्या आणि तपकिरी खुणेबद्दल माझ्या मनात शंका नाही: आपल्या नियमांत प्राण्याचा कोणताही अंश असलेले अन्न मांसाहारी ठरते, अपवाद दूध आणि मध यांसारख्या थोड्या पदार्थांचा. पेशी माशाची आहे, म्हणून खूण तपकिरीच लागेल.

आरोग्याच्या दृष्टीने दोन्ही बाजू आहेत. मोठ्या समुद्री माशांमध्ये पारा साठतो, सूक्ष्म प्लास्टिक असते, कच्च्या माशात कृमी असू शकतात. बंद टाकीत वाढलेल्या मांसात हे येण्याचे कारण नाही. पण ज्या ओमेगा-3 मेदाम्लांसाठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ती मासा स्वतः फारशी तयार करत नाही, ती मुळात समुद्रातल्या शैवालातून त्याच्याकडे येतात. टाकीतल्या पेशीला ती बाहेरून दिली नाहीत तर तो मासा त्या बाबतीत उणाच राहील. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 2023 मध्ये एकत्र प्रसिद्ध केलेल्या अहवालात संभाव्य धोक्यांची यादी आहे, आणि त्यांतले बरेचसे धोके नेहमीच्या अन्नातही असतातच, असे त्यात म्हटले आहे. ज्याला माशाची ॲलर्जी आहे त्याला या माशाचीही होईल. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले विल्यम हॉलमन यांनी अशा माशाला कोणते नाव द्यावे याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता: नावावरून ग्राहकाला हे समुद्रात पकडलेल्या किंवा तळ्यात वाढवलेल्या माशापेक्षा वेगळे आहे हेही कळले पाहिजे, आणि ॲलर्जी असलेल्याला हा मासाच आहे हेही कळले पाहिजे. तुमच्या फळ्यावर "पेशींपासून वाढवलेला" हे शब्द आणि त्यापुढे माशाचे नाव, दोन्ही लागतील.

बेगम पेठ

एक छोटी भर घालतो. आमच्या घरीही हा विषय निघाला होता. सिंगापूरच्या इस्लामी धार्मिक परिषदेच्या फतवा समितीने फेब्रुवारी 2024 मध्ये असे मांस काही अटींवर हलाल ठरू शकते, असा निर्णय दिला. पेशी हलाल प्राण्याच्या हव्यात आणि ती वाढवताना निषिद्ध काही वापरलेले नसावे, असा त्याचा रोख आहे. म्हणजे आमचाही प्रश्न फिरून त्या द्रवापाशीच येतो. अन्नपूर्णाताईंच्या खाणावळीत सर्व समाजांचे लोक जेवतात. विचारणाऱ्याला त्या द्रवाविषयी सांगता यावे, इतकी माहिती पुरवठादाराकडून लेखी घेतलेली बरी.

उजनीकाठ

आम्ही भोई समाजातले. माझे वडील उजनीच्या फुगवट्यावर जाळे टाकत होते, मीही टाकतो, आणि आमच्या मच्छीमार संस्थेचे थोडे कामकाज पाहतो. वरच्या लेखनात मासे पकडणारा माणूस कोठेच आला नाही, म्हणून लिहितो.

नव्या माशाला लोक घाबरतात आणि मग रुळतात, हे आम्ही पाहिलेले आहे. आज ज्या चिलापीला लोक "उजनीची" म्हणून अभिमानाने मागतात, ती मूळची आफ्रिकेतली. ती भारतात 1952 मध्ये आणली गेली. आमच्या घरातली जुनी माणसे तिला हात लावायला तयार नव्हती; वांब आणि मरळ हेच खरे मासे, असे ती म्हणत. आता चिलापीवर शेकडो घरे चालतात. उलट अनुभवही आहे. थाई मांगूर स्वस्त आणि झपाट्याने वाढणारा म्हणून आला, केंद्राने त्यावर 2000 मध्ये बंदी घातली, तरी तो दुसऱ्या नावांनी विकला जात राहिला, आणि बदनामी मात्र साध्या माशाच्याही वाट्याला आली. तेव्हा नाव लपवून विकलेला मासा शेजारच्या टोपलीतल्या माशालाही बुडवतो, हे ताईंनी लक्षात ठेवावे.

मला कोणाच्या शोधाचा द्वेष नाही. पण हा शोध नेमका कोणत्या माशासाठी आहे, ते स्पष्ट बोलले पाहिजे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार समुद्रातल्या साठ्यांपैकी 37.7 टक्के साठे झेपेल त्यापेक्षा जास्त उपसले जात आहेत, आणि 2022 मध्ये जगात पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा पाळलेले जलचर जास्त झाले. आपल्याकडे तर निम्म्याहून कितीतरी जास्त मासा गोड्या पाण्यातला आणि तळ्यांतला असतो. कटला, रोहू आणि मृगळ हे प्लवंग, शेवाळ आणि कुजलेल्या वनस्पतींवर वाढणारे मासे आहेत. त्यांना ना दुसरे मासे खाऊ घालावे लागतात, ना सतत विजेवर चालणारी टाकी लागते. असा मासा सोडून पोलादी टाकीत मांस वाढवण्यात पर्यावरणाचा काय लाभ, हे मला कोणी समजावून सांगावे. ट्यूना, बाम किंवा पापलेट यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे समुद्रावरचा भार खरोखर कमी होऊ शकेल.

पापलेटाचेच पाहा. महाराष्ट्राने सप्टेंबर 2023 मध्ये त्याला राज्यमासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी 54 जातींसाठी किमान आकार ठरवले. पापलेटासाठी तो 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान पिल्लू पकडायचे नाही आणि विकायचे नाही. आमच्याकडे उजनीत वडाप नावाचे बारीक जाळे लावून बोटुकलीएवढे मासे ओढतात तेव्हा जे होते, तेच समुद्रात पापलेटाच्या पिल्लांचे होत आले आहे. हे थांबवायला प्रयोगशाळा लागत नाही, जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राच्या आकाराचा, नियम पाळावा लागतो. वरच्या शहरांचे सांडपाणी उजनीत येते, पाणी हिरवे होते, मासा मरून वर येतो. "स्वच्छ मासा टाकीत मिळेल" असे कोणी म्हटले की माझ्या मनात येते, की आधी आमचे पाणी स्वच्छ करून द्या, आमचा मासा स्वच्छच होता.

आणखी एक. त्या पेशी कोणाच्या? कोचीच्या संस्थेने पापलेटाच्या पेशी घेतल्या तर ते पापलेट कोणीतरी मच्छीमारानेच आणलेले असणार. आपला 2002 चा जैवविविधता कायदा म्हणतो की देशातल्या जैविक साधनांतून नफा झाला तर त्याचा वाटा ती साधने जपणाऱ्या लोकांनाही मिळावा. आमच्या जिल्ह्यात ऊस आणि दूध दोन्ही सहकारातून उभे राहिले. या टाक्या खरोखरच येणार असतील तर त्यांतली काही मच्छीमार संस्थांच्या मालकीची का असू नये, हा प्रश्न मी आमच्या बैठकीत मांडणार आहे.

आसवनीतला, मोहोळ

उजनीकाठच्या दादांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि आधी मी तो लिहायला हवा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2023 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, पोषक द्रव औषधाच्या दर्जाइतका शुद्ध करावा लागला तर अशा मांसाचा कार्बन भार गोमांसापेक्षाही कितीतरी पट जास्त होऊ शकतो. खाद्यपदार्थाच्या दर्जाची द्रव्ये वापरता आली तर चित्र बदलते. पण तुलना गोमांसाशी आहे, हे विसरू नये. तळ्यातल्या रोहूशी तुलना केली तर टाकीची बाजू आज तरी लंगडी पडते.

लोकमताबद्दल एक सांगायचे राहिले. अमेरिका, चीन आणि भारत या तीन देशांत केलेली एक पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे मांस विकत घेण्याची तयारी अमेरिकनांपेक्षा भारतीय आणि चिनी लोकांनी अधिक दाखवली. मात्र उत्तर देणारे बहुतांश शहरी आणि शिकलेले होते. कंदरच्या बागायतदाराला किंवा मंडईतल्या मावशींना कोणी विचारले नव्हते. आणि विचारल्यावर "घेईन" म्हणणे वेगळे, तव्यावर टाकणे वेगळे. इटलीने 2023 मध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडा व अलाबामा राज्यांनी 2024 मध्ये विक्रीवर बंदीच घातली. मला बंदी पटत नाही. माहिती लपवू नये आणि निवड लोकांवर सोडावी, असे माझे मत आहे.

निवृत्त शिक्षक, पंढरपूर

आजींच्या प्रश्नाला कोणी थेट उत्तर दिले नाही, म्हणून एक माळकरी या नात्याने लिहितो. हे माझे मत आहे, संप्रदायाच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही.

माळ घालताना आपण हिंसेचा हिशेब मांडून देत नाही. मांसमच्छी सोडली, असे म्हणतो. सोडली म्हणजे ती चव, तो वास आणि ती ओढही सोडली. उद्या विज्ञानाने एकही जीव न दुखावता तेच मांस आणून ठेवले, तरी मी जे सोडले ते सोडलेलेच राहते. मी चाळीस वर्षे मासा खाल्लेला नाही आणि आता त्याची नक्कल शोधत बसावी, असे मला वाटत नाही. म्हणून माझ्यापुरते उत्तर "नाही" असे आहे.

परंतु जो मासे खातो त्याने निदान वेदना नसलेला मासा खावा, यात मला धर्माच्या दृष्टीने चांगलेच काही दिसते, आणि हे संशोधन करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. फक्त वासराच्या रक्ताची गोष्ट वाचून मी फार अस्वस्थ झालो. ती गोष्ट पूर्ण नाहीशी झाल्याशिवाय "अहिंसक" हा शब्द कोणी वेष्टनावर छापू नये.

आजींना माझा रामकृष्णहरी सांगावा.

अन्नपूर्णा, होटगी रस्ता

सर्वांची मनापासून आभारी आहे. कालच्या रात्री मी ही सगळी उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. वासराच्या रक्ताचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवले, पाणी मागितले, आणि मग पुढे वाचायला सांगितले. पंढरपूरच्या गुरुजींचे उत्तर त्यांनी दोनदा ऐकले. "माझी भांडी वेगळी आहेत ती वेगळीच राहू दे," एवढेच त्या म्हणाल्या. गुरुजींना त्यांनीही रामकृष्णहरी सांगितले आहे.

माझ्या स्वयंपाकाच्या बाजूने एक अडचण मला दिसली ती लिहिते. मोहोळच्या दादांनी सांगितले की त्या माशाला डोके आणि काटे नसतात. आमच्याकडच्या रश्शाला दाटपणा आणि चव येते ती डोक्याने आणि मधल्या काट्याने. नुसत्या तुकड्यांचा रस्सा मी एकदा करून पाहिला होता आणि गिऱ्हाइकांनी ताटात ठेवला. पापलेट तर अख्खे तव्यावर भाजलेलेच मागतात. त्यामुळे असा मासा आलाच तर आधी वड्यांमध्ये किंवा कटलेटमध्ये येईल, जिथे तो ओळखू येत नाही. आणि ओळखू येत नाही तिथेच सांगण्याची जबाबदारी जास्त आहे, हे मला पटले.

पण त्यासाठी परवानगीची आणि टाकीतल्या माशाची वाट कशाला पाहायची, असेही वाटले. माझ्या फळ्यावर गेली कित्येक वर्षे नुसते "मासे" असे लिहिलेले असते. चिलापी संपली की मी कटला वाढते आणि कोणी विचारले तरच सांगते. आज सकाळी मुलीकडून फळा पुसून घेतला आणि नव्याने लिहिला: उजनीची चिलापी, भिगवण बाजार, आज सकाळची. कटला, आंध्र, बर्फातला, दुसरा दिवस. दुपारी दोघांनी दुसरी ओळ वाचून चिलापी मागितली आणि चिलापी लवकर संपली. संध्याकाळसाठी भिगवणला फोन करून आणखी चार किलो सांगितली आहे. उजनीकाठच्या दादांना एक विचारायचे आहे: मरळ कोणत्या महिन्यांत घेऊ नये, पिल्ले असतात ते महिने कोणते, तेवढे लिहून कळवाल का? तेही मी फळ्यावर लावीन.

उजनीकाठ

ताई, पाऊस लागला की मरळ वीण घालते आणि नर-मादी दोघेही पिल्लांच्या झुंडीची राखण करत उथळ पाण्यात, गवताच्या कडेला फिरतात. लाल-नारिंगी पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला की त्याखाली आईबाप असतात, आणि नेमके तेव्हाच ते पकडायला सोपे असतात. जून ते ऑगस्ट तुम्ही मोठी मरळ मागितली नाही, तर आम्हालाही ती न पकडणे परवडेल. त्या महिन्यांत चिलापी घ्या, ती बारमाही वीण घालते आणि तिचा तुटवडा नाही.